मदत हवी आहे : भावाला दहावीनंतर थेट अप्रेंटिसला पाठवू का? सोमवारपर्यंत कळवायचंय

खाडीकाठची
नमस्कार, घाईत लिहितेय. भाऊ यंदा दहावी झाला, ५८ टक्के. लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लावून देतो असं एकांनी सांगितलंय. महिना ८,०००, दोन वर्षं, मग कायम करणार. आई म्हणते अकरावीला घाल, बाबा म्हणतात जाऊ दे. सोमवारी सकाळी हो की नाही ते सांगायचंय. दहावीवर अप्रेंटिस करून पुढे काही होतं का, एवढंच सांगा. शिक्षण महत्त्वाचं वगैरे लिहू नका, ते घरात रोज ऐकतेय.

निवृत्त_निदेशक
ताई, मुलाचं वय? ट्रेड कोणता, म्हणजे कोणतं काम शिकवणार? करार कंपनीशी होणार की दुसऱ्या कोणाशी? यातलं काहीच लिहिलं नाहीत. ३१ वर्षं आयटीआयमध्ये शिकवलं, त्यावरून सांगतो : आधी आयटीआय, मग अप्रेंटिस. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाच्या हाताला वळण लागलेलं असतं, त्याला कंपनीत यंत्रापाशी उभं करतात. नुसत्या दहावीवाल्याला झाडू आणि ड्रम मिळतात.

हार्बरलाइन
काका, असं सरसकट नका सांगू. दहावीवर थेट अप्रेंटिस कायद्यात आहे आणि चांगल्या ठिकाणी होतो. मी स्वतः मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये, जहाजं बांधतात तिथे, दहावीवर लागलो, पाइप फिटर. तिथे दहावी पासच्या गटाला १५ ते १९ वय चालतं, परीक्षा घेऊन घेतात, दोन वर्षं. आधी वर्गात बसवून बेसिक शिकवतात, मग यार्डात जहाजावर. गावाहून आलो तेव्हा फाइल कशी धरायची तेही ठाऊक नव्हतं. ताई, त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

निवृत्त_निदेशक
माझगाव डॉकची गोष्ट वेगळी, तिथे शिकवायला स्वतंत्र माणसं आहेत. मी आपल्या बाजूच्या लहान कारखान्यांबद्दल बोलतोय. शंभर मुलं परीक्षेला बसतात त्यातली किती लागतात तेही सांगा.

अकरावी_पालक
अकरावीचे प्रवेश २०२५पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. पसंतीक्रम नीट भरा, आमच्याकडे पहिल्या फेरीत चूक झाली आणि मुलीला २२ किलोमीटरवरचं कॉलेज मिळालं. फॉर्मचा दुसरा भाग भरायला विसरू नका.

खाडीकाठची
अकरावीचं विचारलं नाहीये हो.
निदेशक काका, ट्रेड माहीत नाही, "प्लांटला" एवढंच म्हणाले. वय सोळा पूर्ण, सतरावं चालू. ज्यांनी सांगितलं ते बाबांच्या ओळखीचे आहेत, कंपनीला माणसं देतात.

लोटे_शिफ्ट_बी
थांबा. केमिकल कंपनी आहे का? आणि "माणसं देतात" म्हणजे ठेकेदार का?
मी लोट्याला १४ वर्षं प्लांट ऑपरेटर आहे. धोकादायक उद्योगाच्या ट्रेडला अप्रेंटिसचं वय किमान १८ लागतं, २०१४च्या दुरुस्तीपासून. बाकी ठिकाणी १४ चालतं. सोळा वर्षांचा मुलगा रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावर यायलाच नको. आमच्याकडे एकदा असाच "हेल्पर" म्हणून आणलेला मुलगा सॉल्व्हंटचा ड्रम उघडताना चेहऱ्यावर उडवून घेऊन बसला. डोळा वाचला. पण त्या मुलाचं नाव कुठल्याच रजिस्टरवर नव्हतं, त्यामुळे दवाखान्याचा खर्च त्याच्या मामाने केला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहितो.

खाडीकाठची
हो, केमिकल. आणि हो, ठेकेदार. पण ते म्हणतात हल्ली सगळं असंच चालतं, नंतर कंपनी स्वतःच्या नावावर घेते. मार्कशीट ओरिजिनल ठेवून घेणार आणि बूट-हेल्मेटचे ३,००० आधी भरायचे. हे लिहायचं राहिलं.

पगारपत्रक
ताई, हेच तर पहिल्यांदा लिहायचं होतं!
मी एचआरमध्ये आहे, अप्रेंटिसचं काम माझ्याकडेच असतं. खरा अप्रेंटिस कसा ओळखायचा ते सांगते. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर मुलाची नोंदणी होते, आधारशी जोडलेलं बँक खातं मागतात, आणि कंपनीबरोबर करार होतो. करारावर ट्रेडचं नाव आणि मुदत असते. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालक सही करतात. करार नाही तर तो कायद्याने अप्रेंटिसच नाही. मधली संस्था कधी कधी असते, सरकारने तशी सोय केलीय, पण तीसुद्धा पोर्टलवरूनच काम करते. स्टायपेंड २०१९च्या नियमांत दहावी पासला किमान ६,००० होता, दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के वाढ. त्यात सरकारचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० पर्यंत, आणि तो थेट मुलाच्या खात्यात येतो. अप्रेंटिसकडून पैसे घेण्याचा प्रश्नच येत नाही, बूट-हेल्मेट कंपनीने द्यायचं. मूळ मार्कशीट तर कोणालाही देऊ नका, पडताळून लगेच परत घ्यायची.
आणि "नंतर कायम" असं बंधन कायद्यात कुठेच नाही. कंपनीने अप्रेंटिसांना घेण्याबाबत आपलं धोरण ठरवावं, एवढंच आहे.

दर्यावर्दी_दापोली
एवढ्या भानगडीत कशाला पडता? जीपी रेटिंग करा. जहाजावरच्या खलाशाचा सहा महिन्यांचा कोर्स, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक काढायचं आणि बोटीवर. माझ्या गल्लीतली चार मुलं गेलीत, दोन घरं बांधून झाली. कोकणातल्या मुलाला समुद्र सोडून लोट्याचा वास कशाला?

पगारपत्रक
त्याला वय साडेसतरा लागतं आणि फी लाखांत जाते. वर एजंट. नुसता कोर्स करून दोन-दोन वर्षं बोट न मिळालेली मुलंही तुमच्याच तालुक्यात आहेत.

दर्यावर्दी_दापोली
डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याची मान्यता बघून संस्था निवडली तर असं होत नाही. सरसकट सगळ्यांना एजंटच्या पंक्तीला बसवू नका.

कुडाळचो
माझ्या झिलान दहावीनंतर आयटीआयक इलेक्ट्रिशियन केल्यान. मगे एक वर्स अप्रेंटिस, आता गोव्याक मोठ्या हॉटेलात मेंटेनन्सक असा. पोराक लांब धाडूक भिया नको, पण कागद बघितल्याशिवाय धाडू नको.

सरकारी_योजना_माहिती
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत अर्ज करा. २०२४ला सुरू झाली तेव्हा बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००.

लोटे_शिफ्ट_बी
त्यातही वय १८ लागतं. मुलगा सोळाचा आहे आणि दहावी झालाय. धागा वाचून लिहा ना.

हार्बरलाइन
कोकण रेल्वेत तुमची जमीन गेलीय का? प्रकल्पग्रस्तांना भरतीत प्राधान्य असतं. आणि भारतीय रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल १च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. म्हणून म्हणतो, अप्रेंटिस कुठे करता याला फार महत्त्व आहे.

खाडीकाठची
जमीन गेली नाही, रेल्वे आमच्याकडून लांब आहे.
सगळे एकदम बोलताय, मला काहीच कळेनासं झालंय. आठ हजार आमच्याकडे थोडे नाहीत. बाबा तांडेल आहेत, मासेमारी नौका चालवतात, पण नौका दुसऱ्याची. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, घरात पैसा नाही. गेल्या वर्षीपासून त्यांच्या पाठीचं दुखणं आहे. म्हणून घाई. हे सगळं आधी लिहिणं बरं वाटत नव्हतं.

सुकेळी
ताई, लिहिलंत ते बरं केलंत. एक विचारू? तुमच्या भावाला काय येतं, काय आवडतं? अजून कोणी विचारलंच नाही.

खाडीकाठची
इंजिन. आठवीपासून सुट्टीत बाबांबरोबर जातो. दिवाळीत भर समुद्रात इंजिन बंद पडलं, तेव्हा त्यानेच फिल्टर काढून डिझेलमधलं पाणी काढलं, लाइनीतली हवा काढली आणि चालू केलं. खलाशी आता त्यालाच बोलावतात. पण ते काय शिक्षणात धरतात का?

निवृत्त_निदेशक
धरतात! एअर लॉक काढणं आमच्या मुलांना दुसऱ्या महिन्यात शिकवायचो. मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. एका वर्षात राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हातात, मग आयटीआय पासवाला म्हणून अप्रेंटिस. तोवर त्याला सतरा पूर्ण होऊन अठरावं लागतं. दोन वर्षांचा ट्रेड केला तर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, बारावीचा समकक्ष दाखलाही भाषेचे पेपर देऊन मिळतो. म्हणजे आईंचं म्हणणंही राहतं.

लोटे_शिफ्ट_बी
काका, मग दोन वर्षांचाच सांगा. डिझेलवाले गॅरेजमध्ये अडकतात. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केमिकल प्लांट नाहीतर एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड केला, तर खेड-चिपळूणच्या बाहेर जावं लागत नाही.

हर्णैचा_मिस्त्री
अडकतात म्हणजे काय? मी बंदरावर १९ वर्षं बोटींची इंजिनं करतो. गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा सगळं. बंदीच्या दोन महिन्यांत नौका वर ओढलेल्या असतात तेव्हा मला जेवायला वेळ नसतो. हल्लीच्या इंजिनांना सेन्सर आलेत, ते मला जमत नाहीत. त्यासाठी शिकलेला मुलगा हवाच आहे बंदरांना. मला कोणी कागद दिला नाही, तेव्हा काही वाटलं नाही, पण बँकेने कर्ज नाकारलं तेव्हा वाटलं. तुमच्या भावाने कागद घ्यावा.

निवृत्त_निदेशक
मिस्त्री, बरोबर बोललात.
ताई, पैशाचं : आयटीआयची सरकारी फी फार नसते आणि शिष्यवृत्त्या असतात, संस्थेत गेल्यावर विचारा. रविवारी बंदरावर मिस्त्रींसारख्यांकडे हाताखाली काम केलं तर खर्चाला पैसे सुटतात. आठ हजारांची भरपाई होणार नाही, ते मी नाकारत नाही.

खाडीकाठची
आज शनिवार. भावाला घेऊन ठेकेदार काकांकडे जाऊन आले. पगारपत्रक ताईंनी लिहिलं तेच विचारलं : ट्रेड कोणता, करार कोणाच्या नावाने, पोर्टलवर नोंदणी कधी. म्हणाले, "मुलगी फार शिकलेली दिसते." मग म्हणाले, करार वगैरे सहा महिन्यांनी. वय विचारलं तर आधारवर काय ते बघू असं म्हणाले. मार्कशीट त्यांच्याकडे दिलेली होती, बाबांनी गेल्या आठवड्यातच दिली होती, मला आज कळलं. कपाटातून काढून दिली. नको म्हणून सांगून आले. बाबा बोलत नाहीयेत.

लोटे_शिफ्ट_बी
मार्कशीट हातात आली, मोठं काम झालं. बाबांचं मी समजू शकतो. त्यांना एकदा फोनवर घ्या, मी बोलतो. प्लांटमध्ये काय असतं ते माझ्या तोंडून ऐकू देत. निरोपात नंबर पाठवतो.

खाडीकाठची
चालेल दादा. भाऊ म्हणतो डिझेल पहिलं, इलेक्ट्रिशियन दुसरं. सोमवारी साडेसहाच्या एसटीने चिपळूणला जातोय आयटीआयमध्ये. सोबत काय काय न्यायचं?

निवृत्त_निदेशक
दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला असेल तर तो, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. अर्ज ऑनलाइनच असतो, पण पसंतीक्रम भरायच्या आधी कोणत्या आयटीआयला कोणता ट्रेड आणि किती जागा ते तिथल्या फलकावर वाचा. दोनच पसंत्या भरून थांबू नका, गुहागर, खेड, रत्नागिरी सगळं घाला. मूळ कागद दाखवून पिशवीत परत ठेवायचे.

हर्णैचा_मिस्त्री
३१ जुलैपर्यंत माझ्याकडे तीन इंजिनं उघडलेली आहेत. धोपाव्याहून फेरीने दाभोळला उतरला की पुढे हर्णैला गाडी आहे. रविवारी पाठवा, आधी बघू दे.