मदत हवी आहे : म्हशी भरल्या की पिकअप मागून बसते, हेल्पर पाटा (जादा स्प्रिंगपट्टी) की एअर बॅग (हवा भरलेली रबरी स्प्रिंग)?

उदगीर-देवणी भागात जनावरं वाहणारी पिकअप आहे. दोन म्हशी, म्हणजे साधारण हजार-अकराशे किलो. पासिंगपेक्षा जास्त भरत नाही आणि भरायचंही नाही. तरी मागचा एक्सल आणि बंप रबर (एक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून असलेलं रबर) यांच्यात जेमतेम अर्धं बोट अंतर उरतं. रिकामी असताना चार बोटं असतं. रबराचं तोंड घासून चकाकतंय. वळणावर म्हशी एका अंगाला रेलल्या की गाडी झुलते, आणि जनावराचा पाय घसरला तर मोडू शकतो, म्हणून काळजी आहे.

शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या हलत्या सांध्याचे) बुश, दोन्ही शॉकअप नवे टाकले. टायरची हवा लोडप्रमाणे ठेवतो. दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालून पाहिला: उंची मिळाली, पण रिकामी गाडी उड्या मारायला लागली आणि महिनाभरात डावीकडचा सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा) तुटला. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुनेच ठेवले होते, नटाबाहेर आटे उरले नव्हते, तिथेच पकड गेली असावी. पाटा काढून टाकलाय.

आणखी एक गोष्ट. मागच्या ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह एक्सलला दांडीने जोडलेला आहे. मागची उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. बरेच मिस्त्री हे बघतच नाहीत.

रस्ता खड्ड्यांचा, धूळ भरपूर, शेणमूत खाली चेसिसवर गळतं. अशात एअर बॅगचं रबर टिकतं का? की फक्त लोडलाच टेकणारा वरचा हेल्पर पाटा बरा? तो घातला तर रिकाम्या गाडीत पाटा आणि ब्रॅकेटमध्ये किती अंतर ठेवायचं, आणि व्हॉल्व्हची दांडी कशी जुळवायची?