मदत हवी आहे: नाशकात मुलाचा एमआरआय भूल न देता होईल का?

गोदाकाठची_आई: मुलाचा एमआरआय सोमवारी ठरलाय. आदल्या रात्री ॲडमिट व्हा, रात्री बारानंतर पाणीसुद्धा देऊ नका, सकाळी अकराला भूल देऊन स्कॅन आणि डिस्चार्ज संध्याकाळी. एका तपासणीसाठी लेकराचे एवढे हाल? भूल न देणारं सेंटर कुणाला माहीत आहे का? गंगापूर रोड, मुंबई नाका, कुठेही येईन. लवकर सांगा.

सिन्नरकर: वय काय? कशाचा एमआरआय? कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) लिहिलाय का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

द्वारका_७७: पुतणीला आम्ही रात्रभर जागवलं, रिक्षातही डोळा लागू दिला नाही. मशीनवर ठेवली की गाढ झोपली. भूल लागलीच नाही. तेच करा.

सिडकोचे_काका: मेडिक्लेमचं आधी बघा. नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट केलं तर क्लेम बहुधा नाकारतात.

गोदाकाठची_आई: काका, मेडिक्लेमचं नाही विचारलं. साडेसहा वर्षांचा आहे. मेंदूचा एमआरआय, फिट येतात म्हणून. औषध चालू आहे. कॉन्ट्रास्ट नाही.

एमआरआय_टेक्निशियन: फिट येणाऱ्या मुलाला जागवू नका! झोप मोडली की फिट यायची शक्यता वाढते. ईईजीच्या (मेंदूच्या लहरींच्या तपासणीच्या) आधी जागरण सांगतात, पण तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. सकाळचा डोसही चुकवू नका, उपाशीपोटी कसा द्यायचा ते त्यांनाच विचारा.

द्वारका_७७: मला फिटचं माहीत नव्हतं, आधी लिहायला हवं होतं. मग झोपेचं सिरप घरूनच पाजून न्या.

एमआरआय_टेक्निशियन: अजिबात नको. वाटेत श्वास मंदावला तर काय करणार? ते औषध ऑक्सिजन मोजायची सोय असेल तिथेच द्यायचं.

सातपूरवाला: सरळ सीटी करा. काही मिनिटांचं काम.

सिन्नरकर: सीटीत किरणोत्सर्ग असतो, आणि फिटमागचे बारीक दोष एमआरआयवरच नीट दिसतात. भूलेला मात्र माझाही विरोध आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) 2016 मध्ये लहान मुलांच्या भुलेबद्दल इशारा दिला होता.

एमआरआय_टेक्निशियन: तो 3 वर्षांखालच्या मुलांसाठी होता, आणि 3 तासांहून लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल. आईला उगाच घाबरवू नका. या वयाची बरीच मुलं तयारी केली तर शुद्धीत पडून राहतात. अर्धा-पाऊण तास डोकं हलता कामा नये, तेवढंच अवघड. सेंटर बदलण्यापेक्षा तिथेच विचारा: आधी भुलेशिवाय प्रयत्न, नाही जमलं तर त्याच वेळी भूल. त्यासाठी जेवण 6 तास आधी बंद करावंच लागतं, पण साधं पाणी साधारण 2 तास आधीपर्यंत चालतं. अकराच्या स्कॅनला रात्री बारापासून पाणी का बंद, आणि सकाळी येऊन का चालणार नाही, हेही भूलतज्ज्ञांना विचारा.

पंचवटीची_मावशी: आमच्या भाचीचं असंच झालं. डायनिंग टेबलाखाली गादी टाकली, चारी बाजूंनी चादरी सोडल्या. मोबाइलवर एमआरआयचा आवाज लावून ती आत 'स्टॅच्यू' व्हायची. आधी एका गाण्यापुरती, मग वाढवत नेलं. त्या ठकठकीला मुलं फार दचकतात, आवाज ओळखीचा झाला की निम्मी भीती जाते. खऱ्या वेळी तिची आई पायाला हात लावून बसली होती.

गोदाकाठची_आई: मावशी, आजच सुरू करते. हॉस्पिटलला फोन केला. आधी भुलेशिवाय बघू म्हणाले, रिकाम्या पोटी सकाळी आठला बोलावलंय. रात्रीचं ॲडमिट रद्द. पाण्याचं भूलतज्ज्ञ संध्याकाळी कळवणार. त्याच्या कमरेला चांदीचा करदोटा आहे, चालेल का?

एमआरआय_टेक्निशियन: घरीच काढून या. बटणं-चेनवाली पँट नको, नाडीची घाला. तुम्ही आत बसणार असाल तर मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिनाही काढा. तुमच्या अंगात पेसमेकर किंवा क्लिप वगैरे काही बसवलेलं असेल तर आत जाण्याआधी सांगा.