मदत हवी आहे: नखं टिकत नाहीत, गिटारच्या तारा बदलू का?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. यंत्रमागावर कामाला आहे, दिवसभर तुटलेल्या धाग्यांना गाठी मारायच्या. रात्री नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घेऊन बसतो. अडचण उजव्या हाताच्या नखांची. अनामिकेचं नख कडेला चिरतं, सुतात अडकतं आणि शेवटी मुळापर्यंत कापावं लागतं. त्यात आपला कोरडा उन्हाळा.

नख असलं की पहिल्या तारेचा सूर कसा लखलखीत निघतो! नुसत्या बोटाने तोच सूर गोल, गोड होतो, पण खोलीपलीकडे जात नाही. मऊ बोटावरून तार सुटताना तिला टोकदार कोन मिळत नाही, म्हणून वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे उंच, बारीक सूर) दबतात, एवढं समजलंय. तिसरी तार तर आधीच जाड. बोटाने छेडली की नुसतं ‘धप्प’.

स्पेनचे गिटारवादक तारेगा (१८५२-१९०९) अखेरच्या काळात बिननखांनी वाजवत. पण तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. नायलॉन आलं १९४०च्या दशकात. कार्बनची (म्हणजे फ्लुरोकार्बन या प्लास्टिकची) तार नायलॉनपेक्षा घन, म्हणून त्याच सुराला बारीक पुरते आणि उजळ वाजते.

बिननखांनी वाजवणाऱ्या कुणी कार्बन लावून पाहिली आहे का? फक्त तिसरी बदलली तर शेजारच्या नायलॉनशी मेळ बसतो का? तंबोरा छेडणाऱ्यांनीही सांगा, तुमचं काम बोटाच्या मांसल भागावरच चालतं: बोट निबर झाल्यावर सूर उजळतो का? नखं सोडायची माझी तयारी आहे, गिटार सोडायची नाही.