सहस्रधारेत कयाक: धरणाचं वेळापत्रक मागायचं की मोजपट्टी बघून उतरायचं?

वल्हेकरी (इंदूर)
महेश्वरच्या थोडं खाली, जलकोटीपाशी, नर्मदा काळ्या पाषाणात फुटून सहस्रधारा होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांतली कनू स्लॅलम, म्हणजे पाण्यावर टांगलेल्या दांड्यांच्या गेटमधून बोट काढायची शर्यत, इथेच झाली. हिरव्या गेटमधून प्रवाहाबरोबर जायचं, लाल गेटमधून प्रवाहाविरुद्ध वर चढायचं, दांडीला स्पर्श झाला तर दोन सेकंदांचा दंड, गेट चुकलं तर पन्नास. या खेळाला लागणारं पाणी आपल्यापासून दोन तासांवर आहे. तरीही स्पर्धेच्या संघात नसलेल्या इंदूरच्या मुलामुलींना तिथे शिकायची सोय नाही.

माझी मागणी अशी: नोव्हेंबर ते मे, शनिवार-रविवार सकाळी सात ते अकरा या वेळात सहस्रधारेला ठराविक पाणी राहील असं ओंकारेश्वर धरणातून सोडावं आणि आठवडाभर आधी जाहीर करावं. कोलाडची कुंडलिका बघा. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं आणि त्या पाण्यावर तिथलं राफ्टिंग वर्षानुवर्षं चालू आहे. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं मुख्यालय तर आपल्या इंदूरातच आहे. सह्या गोळा करून अर्ज द्यायला काय हरकत आहे?

जलगणित
हरकत गणिताची आहे. ओंकारेश्वरला ६५ मेगावॉटची आठ मशीनं आहेत, एकूण ५२० मेगावॉट. पाणी पडण्याची उंची ३० मीटर आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली तर एका मशीनला सेकंदाला सुमारे २४५ घनमीटर पाणी लागतं, म्हणजे साडेआठ हजार क्युसेकच्या वर. ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या कृत्रिम स्लॅलम मार्गांत सेकंदाला १२ ते १८ घनमीटर पाणी खेळवतात. म्हणजे धरणाचा सगळ्यात छोटा घासच तुमच्या गरजेच्या पंधरा-वीसपट. ते पाणी सहस्रधारेत अनेक ओहोळांत वाटलं जातं हे खरं, पण कुठल्या ओहोळात किती जाईल हे धरणावर बसून ठरवता येत नाही.

दुसरं अंतराचं. कुंडलिकेत वीजघर आणि राफ्टिंगचा पट्टा शेजारी-शेजारी आहेत. ओंकारेश्वर ते महेश्वर नदीमार्गे ६० किलोमीटर धरा. चढाची लाट सेकंदाला दीड ते दोन मीटर वेगानं आली तर आठ ते अकरा तास लागतात. संध्याकाळी सातला, विजेची मागणी चढल्यावर, मशीन सुरू झालं तर त्याचा चढ महेश्वरला पहाटे साडेतीन ते सहाच्या दरम्यान पोचणार. वाटेत लाट पसरते, उंची घटते, पोचण्याची वेळ आणखी पुसट होते. तुम्हाला सकाळी सात ते अकरा स्थिर पाणी हवं असेल तर आदल्या रात्री आठ-दहापासून मशीनं तुमच्या हिशेबानं चालवावी लागतील. कोणतं मशीन कधी चालणार हे जबलपूरच्या भार प्रेषण केंद्रातून विजेच्या मागणीप्रमाणे ठरतं. इंदूरच्या प्राधिकरणाकडे राज्याराज्यांतल्या वाटपाचा हिशेब असतो, तासातासाचा नाही.

वल्हेकरी (इंदूर)
जास्तीचं पाणी मी मागतच नाही. जे सोडणारच आहात ते कधी सोडणार एवढं सांगा. बदललं तर बदललं म्हणून कळवा. मोबाईलवर दोन ओळी टाकायला विजेचं एक युनिटही खर्च होत नाही. आज तीही माहिती सामान्य माणसाला सहज मिळत नाही. ती फक्त कयाकवाल्यांना नाही, घाटावर आंघोळीला उतरणाऱ्यालाही लागते.

काठावरून (महेश्वर)
घाटाचं नाव काढलंत म्हणून लिहिते. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यात धाराजीला अमावास्येच्या मेळ्यासाठी आलेले लोक नदीच्या पात्रात झोपले होते. वरच्या इंदिरासागर धरणातून विजेसाठी पाणी सुटलं आणि साठहून अधिक माणसं गेली. धरणाला मेळा माहीत नव्हता आणि मेळ्याला पाणी माहीत नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये ओंकारेश्वरला नागर घाटाजवळ खडकांवर आंघोळ करणारे यात्रेकरू पाणी वाढल्यावर अडकले. नावाड्यांमुळे आणि बचाव पथकामुळे वाचले.

म्हणून जाहीर वेळापत्रकाचीच मला भीती वाटते. कागदावर सात ते अकरा लिहिलं की लोक अकरापर्यंत खडकावर निर्धास्त बसतील. ग्रिडमध्ये कुठे बिघाड झाला, एखादं मशीन अचानक लावावं लागलं, तर तो कागद कोण बदलणार? अमावास्या, पौर्णिमा, नर्मदा जयंती, या दिवसांना इथे कयाकचा सराव नकोच. आणि एक गोष्ट इंदूरकरांच्या यादीत कधीच नसते: मासेमारीची जाळी. ओहोळांच्या तोंडाशी रात्री लावलेली नायलॉनची जाळी सकाळी पाण्याच्या पातळीखाली असतात, वरून दिसत नाहीत. कयाक जाळ्यात आडवी झाली की प्रवाह तिला तिथेच दाबून धरतो. जलकोटीच्या मासेमारांना आदल्या दिवशी विचारल्याशिवाय कुणीही उतरू नये.

दोरपिशवी
ताईंचं जाळ्यांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. वल्हेकरी, सहस्रधारा कुंडलिकेसारखी नाही हे आधी मान्य करूया. तिथे पाणी एका पात्रात वाहतं, बोट उलटली तरी माणूस वाहत खाली संथ पाण्यात जातो. इथे बसाल्टच्या पायऱ्या आहेत, मधे अरुंद फटी आहेत आणि काही ठिकाणी पाणी खडकाच्या खालून जातं. वाहून जाण्यापेक्षा अडकण्याचा धोका मोठा.

सगळ्यात जास्त घात होतो तो उभं राहायच्या प्रयत्नात. कमरेइतक्या पाण्यात पाय टेकवला, पाऊल फटीत गेलं, मागून प्रवाहानं धड पुढे ढकललं, की माणूस तोंडावर पाण्याखाली जातो आणि स्वतःहून सुटू शकत नाही. गुडघ्यापेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाठीवर पडायचं, पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी आणि प्रवाहाच्या दिशेला, तळवे समोर, हातांनी तिरकं पोहत काठ गाठायचा.

पाणी कमी असेल तेव्हा स्पर्धेची फायबरची बोट नेऊ नका. बसाल्टच्या एका धारेनं तिचा तळ चिरतो. अडीच-पावणेतीन मीटरची जाड प्लॅस्टिकची नदीबोट घ्या आणि पुढे-मागे हवेच्या पिशव्या भरा, म्हणजे उलटल्यावर बोटीत पाणी कमी भरतं आणि ती ओढता येते. स्प्रे स्कर्टचा, म्हणजे कमरेभोवती घालून बोटीचं तोंड झाकायच्या आवरणाचा, ओढायचा पट्टा नेहमी बाहेर ठेवायचा. तो आत राहिला तर पाण्याखाली स्कर्ट सुटत नाही. लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्यानं खांद्याला धरून वर ओढून बघायचं, कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत. काठावर किमान दोघे, प्रत्येकाकडे १५ ते २० मीटर तरंगत्या दोराची पिशवी. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही आणि फेकणाऱ्यानं खडकावर बसून पाय टेकवायचे, कारण पोहणाऱ्याचं वजन दोरावर आलं की उभा माणूस ओढला जातो.

वेळापत्रक मिळालं तरी त्यावर भरवसा ठेवून उतरू नका. चढ ओळखण्याची खूणही लोक चुकीची सांगतात. "पाणी गढूळ झालं की निघा" असं ऐकायला मिळतं. धरणातून येणारं पाणी हिवाळ्या-उन्हाळ्यात बऱ्यापैकी नितळ असतं. शिवाय चढाची लाट प्रत्यक्ष पाण्यापेक्षा वेगानं, साधारण दीडपट वेगानं पुढे येते. त्यामुळे रंग बदलेपर्यंत पातळी वाढलेली असते. लवकर दिसतो तो काठावरचा सुका पालापाचोळा. पाणी इंचभर चढलं की तो उचलला जातो आणि धारेत येतो. सोबत खडकामागचं संथ पाणी, आपण ज्याला एडी म्हणतो, ते ढवळायला लागतं. जिथे बोट विसाव्याला थांबत होती तिथून ती बाहेर फेकली जाते.

जलगणित
याला जोडून. ६० किलोमीटरवरच्या धरणापेक्षा जवळचं मोजमाप कामाचं. मंडलेश्वरला केंद्रीय जल आयोगाचं मापन केंद्र आहे. तिथून सहस्रधारा १२-१५ किलोमीटर खाली येते. त्याच वेगानं धरलं तर तिथे दिसलेला चढ तुमच्यापर्यंत दीड ते पावणेतीन तासांत पोचतो. मागायचीच असेल तर तिथली तासातासाची पातळी मागा.

एक आणखी. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून इंदूरला पिण्याचं पाणी येतं, १९७८ पासून. कयाकसाठी म्हणून शनिवार-रविवारी पाणी एकवटायचं आणि मधल्या दिवसांत पात्र उतरू द्यायचं, असा काही विचार असेल तर त्याला माझा ठाम विरोध राहील.

वल्हेकरी (इंदूर)
मधल्या दिवसांचं पाणी कमी करायची कल्पनाही नाही, ते स्पष्ट करतो. मंडलेश्वरच्या पातळीची सूचना पटली, अर्जात घालू. पण धरणाची मागणी सोडणार नाही. दोन-अडीच तासांच्या सूचनेवर नवशिक्यांची बॅच चालत नाही. इंदूरहून निघायचं की नाही हे आदल्या रात्री कळायला हवं, आणि मशीनं किती चालू आहेत हे कळलं तर जलगणितभाऊंच्याच हिशेबानं सकाळचा अंदाज बांधता येतो.

काठावरून (महेश्वर)
अंदाज निघायचं की नाही यासाठी ठीक. पाण्यात उतरायचं की नाही यासाठी नाही. एवढा फरक अर्जात मोठ्या अक्षरात लिहा, मग मी सही करेन.

दोरपिशवी
आणि अर्जाची वाट न बघता पट्टी लावता येईल. उतरायच्या जागेजवळ, धारेत नव्हे तर आडोशाच्या संथ पाण्यात, उभ्या खडकावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ. स्थानिक परवानगी घेऊन आणि नावाड्यांना विचारून, कारण कुठल्या पातळीला कुठली धार बंद होते हे त्यांना माहीत आहे. काठावरच्या एकाचं काम फक्त पट्टी बघणं, दर दहा मिनिटांनी आकडा मोठ्यानं सांगणं. एक रेघ चढली की लांब शिट्टी तीनदा, सगळे बाहेर.

जलगणित
एक रेघ म्हणजे दहा सेंटिमीटर. नवशिक्यांसाठी मला तेही जास्त वाटतं. अरुंद फटीत तेवढ्या चढानं वेग बराच बदलतो. पाच ठेवा.

दोरपिशवी
पाचला वाऱ्याच्या लाटाही चढ म्हणून मोजल्या जातील आणि दिवसभर शिट्ट्या वाजतील. मग शिट्टी कुणी मनावर घेणार नाही. पट्टीभोवती दोन्ही टोकं उघडी असलेला प्लॅस्टिकचा पाइप उभा बसवला तर आतली पातळी लाटांनी फारशी हलत नाही. तसं केलं तर पाचला तयार आहे.