कॉपरबँड एप्टेशिया खातो, पण दुसऱ्या कशालाच तोंड लावत नाही

खारंपाणी:
मंडळी, खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी साधारण ४५० लिटरची. एप्टेशिया (तणासारखा पसरणारा समुद्रफूल जातीचा जीव) इतका माजला होता की झोअँथस प्रवाळाच्या पुंजक्यातूनही डोकं काढायला लागला. औषध टोचून एक मारावा, तर शेजारी चार उगवायचे. शेवटी तो खाणारा कॉपरबँड बटरफ्लाय मासा आणला. कामाला मासा वाघ निघाला, खडकावरचे बारीक एप्टेशिया जवळजवळ साफ. पण गोठवलेला मायसिस (बारीक कोळंबीसारखा जीव) टाकला की जवळ येतो, एका डोळ्यानं न्याहाळतो आणि वळून निघून जातो. दाण्यांकडे तर बघतही नाही. तोवर टाकीतला दुसरा मासा, पिवळा टँग, सगळं फस्त करतो. आता एप्टेशिया संपत आलाय आणि हा कॉपरबँड बारीक दिसायला लागलाय. अमोनिया, नायट्राइट शून्य, तापमान २५-२६, घनता १.०२५. काय करू?

निळीझुळूक:
लाड करू नका. दोनतीन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल.

शेवाळकाकू:
उपाशी ठेवण्याचा सल्ला कृपा करून ऐकू नका. अंगावर चरबी असलेल्या टँगला तो एकवेळ झेपेल. हा मासा आधीच वाळलाय, तो खायला लागायच्या आत जाईल.

समुद्रात हा दिवसभर खडकाच्या फटींत चोच घालून किडे आणि बारीक कोळंबीसारखे जीव टिपत हिंडतो. पाण्यातून वाहत येणारा तुकडा म्हणजे जेवण, हे त्याला नवीन आहे. तेव्हा जेवण फटीत न्या. शिंपला आधी गोठवा, मग वितळवून उघडा आणि मांसासकट अर्धी शिंपी तो नेहमी टोचत असतो त्या कपारीत ठेवा. पहिल्या दिवशी ढुंकून बघितलं नाही तरी दुसऱ्या दिवशी ताजी ठेवा. एकदा टोचायला लागला की त्याच शिंपीत मांसावर मायसिस दाबून भरायचा. पुढे मांस कमी करत जा, मायसिस वाढवत जा. नुसत्या शिंपल्यावर महिनोन्‌महिने ठेवू नका. बऱ्याच शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं.

टँगचा बंदोबस्त सोपा आहे. आधी टाकीच्या दुसऱ्या टोकाला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावा, तो तिकडे गुंतला की शिंपी सोडा. पंप दहा मिनिटं बंद. दिवसातून तीनचार वेळा थोडं थोडं, उरलेलं लगेच बाहेर.

तरीही कॉपरबँड अडून बसला तर जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव. हालचाल दिसली की बहुतेक वेळा राहवत नाही. पण मोठ्या आर्टेमियात फारसा कस नसतो, म्हणून आधी फॅटी ॲसिडच्या द्रावणात ठेवून मगच द्या. जिवंत ब्लॅकवर्म (बारीक काळसर किडे) देखील आवडीनं खातो, फक्त ते गोड्या पाण्यातले. खाऱ्यात फार टिकत नाहीत, एका वेळी चारदोनच सोडा.

आणि पोट बघून अंदाज करू नका. डोळ्यांच्या वर, डोक्यामागची पाठ बघा. तिथलं मांस आत गेलं असेल तर प्रकरण गंभीर आहे.

खारंपाणी:
काकू, पाठ अजून भरलेली आहे, हुश्श. शिंपीकडे आधी नुसताच घिरट्या घालत होता. मग कडेला चोच मारली, आणि आज आत भरलेला मायसिस ओढून काढला! टँग नोरीवर तुटून पडला होता, त्याला पत्ताच नाही. आता एक शंका: सोय म्हणून थोडा एप्टेशिया जिवंत ठेवावा का?

कपारीतलाखेकडा:
मी ठेवतो. दगडाच्या लहान तुकड्यांवर, वेगळ्या बरणीत. अधूनमधून एक तुकडा टाकीत, चाटूनपुसून साफ झाला की परत बरणीत. सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) मात्र चुकूनही नको. एप्टेशियाच्या तळव्याचा इवलासा तुकडा सुटला तरी त्यातून नवा उगवतो, आणि पंप तो थेट टाकीत पोचवतो.

शेवाळकाकू:
बरणी चालेल, पण ती चटणी, जेवण नव्हे. एक विचारायचं राहिलं: टाकीत ट्रायडॅक्ना (जिवंत मोठा शिंपला) किंवा पंखकिडे (नळीत राहणारे, पिसाऱ्यासारखे किडे) आहेत का? पंखकिडे तो शिंपीशिवायही खातो. ट्रायडॅक्ना असेल तर शिंपीऐवजी मायसिस दगडाच्या भोकात भरा. उघडी शिंपी म्हणजे ताट, हे एकदा डोक्यात बसलं की जिवंत शिंपल्यालाही टोचून बघेल.

खारंपाणी:
ट्रायडॅक्ना नाही. पंखकिडे होते. आत्ता टॉर्च मारून बघितलं, नुसत्या नळ्या उरल्यात.

शेवाळकाकू:
मग पहिले काही दिवस कशावर काढले ते कळलं. भोकातून टिपायची सवय त्याला आहेच, तेव्हा ट्रायडॅक्ना नसला तरी दगडाच्या भोकात मायसिस भरणं उद्यापासूनच सुरू करा.