चार कॅमेरे, २ टीबी डिस्क, २० दिवसांचं रेकॉर्डिंग: कम्प्रेशनचं सेटिंग काय ठेवू?

फाटक_४एमपी:
घराला ४ मेगापिक्सलचे चार आयपी कॅमेरे आहेत: फाटक, गाडीची जागा, मागचं दार आणि जिना. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आठ चॅनेलचा, डिस्क २ टीबी, रेकॉर्डिंग चोवीस तास. सेटिंग आलं तसंच आहे: कम्प्रेशन एच.२६४, २५ एफपीएस (सेकंदाला फ्रेम), सीबीआर (कायम एकच बिटरेट) ४०९६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), आय-फ्रेम इंटरव्हल (दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर) ५०. अकरा दिवसांनी जुनं पुसलं जातं, मला किमान २० दिवस हवेत. रिझोल्यूशन १०८०पी वर आणून पाहिलं, दिवस काही वाढले नाहीत. शिवाय रात्री फाटकातून कोणी चालत आलं की चेहऱ्याचे चौकोन होतात. तोच माणूस थांबला की बरा दिसतो. एच.२६५ घ्यावं की एच.२६५ प्लस (त्याचाच जास्त जागा वाचवणारा प्रकार)? आणि व्हीबीआरने (दृश्याप्रमाणे बदलणाऱ्या बिटरेटने) दर्जा घसरतो का?

बिटमोजणी:
१०८०पी करून दिवस वाढणार नव्हतेच. सीबीआरमध्ये चित्र लहान असो की मोठं, कॅमेरा ठरवून दिलेले ४०९६ केबीपीएस खर्च करतोच. डिस्कला रिझोल्यूशनशी घेणंदेणं नाही, तिला फक्त बिटरेट कळतो.

१ एमबीपीएसने (सेकंदाला मेगाबिट) चोवीस तास रेकॉर्ड केलं की १०.८ जीबी लागतात. तुमचे चार मिळून साधारण १६.४ एमबीपीएस, म्हणजे दिवसाला १७७ जीबी. २००० जीबीला १७७ ने भागा, तुमचे अकरा दिवस आले. २० दिवसांसाठी रोज १०० जीबीच्या आत राहायचं, म्हणजे सगळे मिळून जेमतेम ९.२ एमबीपीएस. ते चौघांत सारखे वाटू नका. फाटक ३०७२, गाडीची जागा २५६०, मागचं दार २०४८, जिना १५३६. बेरीज ९२१६.

हे आकडे व्हीबीआरची कमाल मर्यादा म्हणून भरा आणि क्वालिटी वरून दुसऱ्या पायरीवर ठेवा. दिवसा हलतं काही नसलं की खर्च मर्यादेच्या बराच खाली राहतो, तेवढे दिवस वर मिळतात. व्हीबीआरने दर्जा घसरतो असं नाही. मर्यादा फार खाली ठेवली तर घसरतो, आणि तसा तो सीबीआरमध्येही घसरेल.

कोडेक (कम्प्रेशनची पद्धत) साधं एच.२६५. त्याच दर्जाला एच.२६४ पेक्षा बरेच कमी बिट पुरतात, म्हणून फाटकाला ३०७२ चालून जातात. एफपीएस १५. माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये ९ सेंमी. घरासाठी याहून जास्त कशाला हवं?

एफपीएस बदललं की आय-फ्रेम इंटरव्हलही बदला, हे हमखास राहून जातं. तो आकडा फ्रेमचा असतो, सेकंदांचा नाही. १५ एफपीएसला ३० ठेवा, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र. ५० तसंच राहिलं तर ३.३ सेकंद होतात, आणि मागे-पुढे सरकवताना नेमका हवा तो क्षण हाती लागत नाही.

एनव्हीआर सबस्ट्रीमही (कॅमेऱ्याचं जोडीचं, कमी दर्जाचं चित्र) साठवतोय का तेही बघा. चार कॅमेऱ्यांचे प्रत्येकी ५१२ केबीपीएस धरले तरी रोज २२ जीबी त्यातच जातात.

रातपाळी:
चेहऱ्याच्या चौकोनांवर बिटरेट वाढवणं हा शेवटचा उपाय. अंधारात कॅमेरा गेन (सेन्सरच्या सिग्नलची वाढ) चढवतो, चित्रभर दाणे येतात आणि दर फ्रेमला ते दाणे बदलतात. एन्कोडरला (कॅमेऱ्यातल्या कम्प्रेशन करणाऱ्या भागाला) ती सगळी हालचालच वाटते. बिट भिंतीवरच्या दाण्यांवर उडतात आणि चालत्या माणसाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तो थांबला की पुढच्या फ्रेम त्याच चित्रात भर घालत जातात, म्हणून बरा दिसतो.

नाइट प्रोफाइलमध्ये एवढं करा. गेनची मर्यादा १०० असेल तर ५०-६० वर आणा. डब्ल्यूडीआर (उजेड-सावली सांभाळून घेणारं सेटिंग) बंद. शार्पनेस मधल्या खुणेच्या थोडा खाली. शटर ऑटोवर सोडू नका. अंधारात तो १/२५ सेकंदापर्यंत उतरतो आणि तेवढ्यात माणूस साडेपाच सेंमी सरकलेला असतो, चेहरा पुसट होणारच. १/१०० ला हेच सरकणं १.४ सेंमी होतं. चित्र काळपट पडेल. मग फाटकापाशी एक दिवा लावा, कुठल्याही कोडेकपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

कॅमेऱ्याच्या आयआर (इन्फ्रारेड) दिव्यासमोरचं कोळ्याचं जाळंही काढा. वाऱ्याने हलणारा एक चकाकता धागा रात्रभर बिटरेट मर्यादेला टेकवून ठेवतो.

जुना_प्लेयर:
वरच्यांशी सहमत, पण फाटकाचा कॅमेरा मी एच.२६४ हाय प्रोफाइलवरच ठेवला असता. जी क्लिप कधी कोणाला द्यावी लागेल ती तिथलीच असणार, आणि एच.२६५ ची फाइल जुन्या कॉम्प्युटरवर किंवा ब्राउझरमध्ये उघडेलच असं नाही. आवाज येतो, चित्र काळं.

प्लसच्या वाटेला तिथे तरी जाऊ नका. ते चालू केलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत आय-फ्रेम इंटरव्हल तुमच्या हातात राहत नाही. दृश्य शांत असलं की कॅमेरा तो स्वतःच लांबवतो, मग रेकॉर्डिंग पुढे-मागे करताना उड्या मारतं. दुसऱ्या कंपनीचा एनव्हीआर असेल तर मोशनची सुरुवातच कापली जाऊ शकते. जिन्याला हवं तर लावा.

फाटक_४एमपी:
धन्यवाद. नॉइज रिडक्शन १०० केलं तर दाणे जातील ना? मग गेनला हात लावायलाच नको.

रातपाळी:
दाणे जातील, माणूसही जाईल. थ्रीडी नॉइज रिडक्शन मागच्या फ्रेमशी सरासरी काढतं, त्यामुळे चालणाऱ्यामागे शेपटी येते आणि चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो. ४०-५० च्या पुढे नेऊ नका. आधी गेन, मग हे.

बिटमोजणी:
@जुना_प्लेयर, मुद्दा बरोबर, पण एच.२६४ ठेवायचं तर फाटकाला ४०९६ द्यावेच लागतील. मग बेरीज १०२४० होते आणि सगळे सतत मर्यादेला टेकले तर १८ दिवस. व्हीबीआरमुळे प्रत्यक्षात २० च्या पुढे जायला हरकत नाही, पण ते मोजून ठरवा. स्ट्रीम व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडा आणि मीडिया इन्फर्मेशनच्या स्टॅटिस्टिक्स टॅबमध्ये एकदा दुपारी, एकदा रात्री बिटरेट बघा.

दर्जा मात्र लाइव्हवर ठरवू नका, चार चौकोनांत दिसते ती बहुधा सबस्ट्रीम असते. अंधार पडल्यावर कोणाला तरी फाटकातून नेहमीच्या चालीने आत यायला सांगा, मग रेकॉर्डिंग पूर्ण स्क्रीनवर लावून चेहऱ्यावर थांबवा. आणि सेटिंग सेव्ह केल्यावर एनव्हीआर एकदा रीस्टार्ट करून आकडे पुन्हा वाचा. काही एनव्हीआर कॅमेऱ्यात भरलेलं पुसून आपलंच लादतात.