धंदा सांभाळून पॉडकास्ट करायचाय, सुरुवातीला काय काय लागतं?

कार्टनवाली
नमस्कार मंडळी. माझा पॅकेजिंगचा छोटा व्यवसाय आहे. माल वाटेत का फुटतो, कुठल्या मालाला कुठलं खोकं, हे ग्राहकांना रोज फोनवर समजावते. त्याचाच पॉडकास्ट करावा म्हणते, अधूनमधून एखादा वाहतूकदार पाहुणा. ऑफिसला काचेची भिंत, डोक्यावर पंखा. एडिटिंग मीच करणार. माइक-सॉफ्टवेअरच्या याद्या वाचून डोकं भणभणलंय.

रविवारचा_एडिटर
ताई, छोट्या व्यावसायिकांचे एपिसोड एडिट करणं हेच माझं काम, त्यावरून सांगतो. याद्या बाजूला ठेवा आणि आधी खोली बदला. काचेवर आदळून परत येणारा आवाज नंतर धड निघत नाही. जागा निवडताना टाळी वाजवून बघा. मागे खणखण उरली तर ती जागा नको. जाड पडदे, गादी, कपड्यांचं उघडं कपाट असलेली खोली उत्तम.

पैसे घालायचेच तर ते यूएसबी डायनॅमिक माइकवर, तो थेट कॉम्प्युटरला लागतो आणि मुख्यतः जवळचाच आवाज घेतो. कंडेन्सर माइक बंद स्टुडिओत छान, पण साध्या खोलीत पंखा, रस्ता सगळंच टिपतो. सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स बघा. दोन्हींना एक्सएलआरची (स्टुडिओतल्या यंत्रांच्या वायरची) जोडणीही आहे, त्यामुळे पुढे आवाजाचा मिक्सर घेतलात तरी माइक तोच चालेल. हेडफोन माइकलाच लावा, म्हणजे बोलताना स्वतःचा आवाज ऐकू येतो.

आता खरी गोष्ट अंतराची. तोंड आणि माइक यांच्यात चार बोटं, आणि माइक ओठांसमोर नाही, किंचित बाजूला. तुमच्या विषयात ‘फुटणं’, ‘भरणं’, ‘फोम’ सतत येणार. समोर धरलात तर प्रत्येक फ-भ चा फटका बसेल. बोलताना रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी -१२ डेसिबलच्या आसपास ठेवा, शून्य ही वरची हद्द. शून्याला टेकून फाटलेला आवाज सहसा पुन्हा सांधता येत नाही.

सॉफ्टवेअर म्हणाल तर ऑडॅसिटी, फुकट आहे. सुरुवातीला काही सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा. तोच तुकडा ऑडॅसिटीला दाखवून मागची घरघर कमी करता येते. प्रत्येक ‘म्हणजे’ कापत बसू नका, बोलणं मेल्यासारखं होतं. शेवटी फाइल मोनो (एकाच चॅनलची) एमपी३ म्हणून काढा, ९६ केबीपीएस. नुसत्या बोलण्याला पुष्कळ झालं.

होस्टिंग, म्हणजे एपिसोड नेटवर ठेवणारी सेवा, मात्र विचार करून घ्या. तुमचा कार्यक्रम म्हणजे एक आरएसएस फीड, एपिसोडांची नेटवरची यादी. ॲप तिथूनच एपिसोड उचलतात. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं, तरी कार्यक्रम दुसऱ्या ॲपवर चालूच राहिले, कारण फीड जागेवर होता. म्हणून एकच विचारा: उद्या सोडून गेलो तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या फीडवरून आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणं) देता का? नाही म्हणाले तर पुढचं दार बघा.

तारेवरचा_पाहुणा
पाहुण्यांबद्दल माझी भर. कॉलचा आवाज वापरूच नका, नेट अडखळलं की वाक्यं खातो. पाहुण्याला इअरफोन लावायला सांगा आणि त्याच्याच फोनच्या रेकॉर्डरवर त्याची बाजू रेकॉर्ड करून मागवा. अर्थात कॉल लॅपटॉपवर असू दे, फोन मोकळा हवा. सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवा, एडिटिंगमध्ये दोन फाइल जुळवायला तीच खूण. वाहतूकदाराला हे झंझट वाटलं तर झूममध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची सेटिंग आहे, ती चालू करा.

फीडवाला
फीडमध्ये दिलेला ईमेल कुणालाही दिसू शकतो, तेव्हा व्यवसायाचा वेगळा पत्ता द्या. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल.

कार्टनवाली
मनापासून आभार! माइक येईपर्यंत फोनवर सुरू करू का?

रविवारचा_एडिटर
जरूर. एअरप्लेन मोड, कपाटासमोर बसा, फोन हातात न धरता टेकवून ठेवा. पहिला विषय तोच घ्या जो ग्राहक सगळ्यात जास्त विचारतात. फाइल इथे टाका, ऐकून सांगतो.